हृदयरोग कक्ष आणि परिचारिकेचा अधिकार

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाची शुश्रूषा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सक्तीच्या विश्रांतीभोवती फिरत होती. जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये हृदयाच्या रोहिणीत गुठळी होण्याच्या विकाराचे वर्णन केल्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे खाटेवरच ठेवण्याची प्रथा रूढ झाली. कूस बदलण्यापासून घास भरवण्यापर्यंत सारे परिचारिकेनेच करायचे. सतत पडून राहिल्याने पायांत गुठळ्या होत आणि त्या फुप्फुसांत जाऊन काही रुग्ण दगावत. बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हीन आणि बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्ये रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याची पद्धत मांडली, तेव्हा ही सक्ती सैल होऊ लागली.

मृत्यूचे एक मोठे कारण मात्र कायम होते. हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरू लागले की रक्ताभिसरण थांबते आणि काही मिनिटांतच मेंदूला इजा होते. छातीवरून विजेचा धक्का देण्याची पद्धत पॉल झोल यांनी १९५६ मध्ये, तर छाती दाबण्याची पद्धत जॉन्स हॉपकिन्स येथील कोवेनहोव्हेन व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. तरीही रुग्ण निरनिराळ्या वॉर्डांत विखुरलेले असत. डॉक्टर येईपर्यंत हाती असलेली मिनिटे सरत.

एडिंबरोतील डेस्मंड ज्युलियन यांनी १९६१ मध्ये यावर तोड सुचवली: रुग्ण एकाच कक्षात ठेवावेत, हृदयालेखावर सतत लक्ष असावे आणि डॉक्टरांची वाट न पाहता परिचारिकांनी उपचार सुरू करावेत. १९६२ मध्ये ह्यूज डे यांनी कॅन्ससमधील बेथनी रुग्णालयात असा कक्ष उघडला. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी परिचारिकाच केंद्रस्थानी असलेली व्यवस्था उभारली. त्यांची परिचारिकांसाठीची मार्गदर्शिका १९६५ मध्ये निघाली.

कामाचे स्वरूपच पालटले. पडद्यावरची रेषा वेडीवाकडी झाली की परिचारिका आधी रुग्णाकडे पाही, कारण नुसती तार निसटली तरी रेषा बिघडते. रुग्ण बेशुद्ध आणि नाडी लागत नाही अशी खात्री पटली की छातीवर पॅडल टेकवायचे, सगळ्यांना खाटेपासून दूर करायचे आणि धक्का द्यायचा.

न्यूयॉर्कच्या थॉमस किलिप आणि जॉन किंबॉल यांनी १९६७ मध्ये २५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रक्तदाब कोसळून शॉकमध्ये न गेलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण इतरत्र २६ टक्के, तर अशा कक्षात ७ टक्के आढळले. धक्का देणारे यंत्र त्याआधी दशकभर उपलब्ध होते. त्याचा खरा लाभ ते खाटेशेजारच्या परिचारिकेच्या हाती आल्यावरच झाला.