दहा लाख ईमेल कसे वाचायचे?

ई-शासन या विषयावर संशोधन करायचं ठरलं की बहुतेक आराखडे एकाच रस्त्याने निघतात. सातबारा ऑनलाइन कधी आला, दाखले किती दिवसांत मिळू लागले, गावात सेवा केंद्र उघडलं का. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, पण तो सेवेचा इतिहास झाला. त्यात नागरिक खिडकीपुढचा अर्जदारच राहतो, फक्त खिडकी स्क्रीनवर आलेली असते. सहभागाचा इतिहास वेगळा. तिथला प्रश्न असा: सरकार एखादा निर्णय घेत असताना माझं म्हणणं त्यात कुठे शिरतं का, आणि शिरलं हे आपण कशावरून ओळखायचं?

याचं उत्तर शोधायला २०१५-१६ मधली नेट न्यूट्रॅलिटीची लढाई फार उपयोगी आहे. तुमच्यापैकी अनेक जण तेव्हा शाळेत असाल, म्हणून आधी घटनाक्रम सांगते.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे आकारायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं. त्यानंतर २७ मार्च २०१५ ला ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एक सल्लामसलत पत्र प्रसिद्ध केलं. ११८ पानं, २० प्रश्न, सगळं इंग्रजीत आणि तेही तांत्रिक. हरकती-सूचना पाठवायची मुदत २४ एप्रिल. एरवी अशा कागदाला दूरसंचार कंपन्या, त्यांच्या संघटना आणि मोजके अभ्यासक उत्तर देतात. या वेळी मात्र दहा लाखांहून जास्त ईमेल गेले.

हे झालं कसं? काही स्वयंसेवकांनी ‘सेव्ह द इंटरनेट’ नावाचं संकेतस्थळ उभं केलं, वीसही प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवली आणि ती एका क्लिकवर ट्रायला पाठवायची सोय केली. पाठवणाऱ्याला मजकुरात बदल करता येत होता. एआयबीच्या विनोदी व्हिडिओने हा किचकट विषय कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत नेला.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. जनता जागी झाली, इंटरनेटने लोकशाही आणली, वगैरे. पण संशोधक म्हणून तुम्ही इथेच थांबलात तर अर्धीच गोष्ट हाती लागेल.

पुढचा अंक डिसेंबर २०१५ चा. ट्रायने दुसरं, छोटं पत्र काढलं. त्यात चारच प्रश्न होते आणि विषय एकच: वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यायचे का? याचा थेट संबंध फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’शी होता, कारण त्या योजनेत निवडक संकेतस्थळं फुकट आणि बाकीची पैसे मोजून अशी रचना होती. आता फेसबुकनेही तेच हत्यार उचललं. आपल्या वापरकर्त्यांना पाठिंब्याचा तयार मजकूर दाखवला, तोही एका क्लिकवर ट्रायला जाणारा. जानेवारी २०१६ मध्ये ट्रायने सांगितलेल्या आकड्यांनुसार एकूण सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या आणि त्यातल्या जवळपास १९ लाख फेसबुकच्या मोहिमेतून आल्या होत्या.

म्हणजे नुसती डोकी मोजली असती तर फ्री बेसिक्स जिंकलं असतं. तसं झालं नाही. त्या तयार मजकुरात आमच्या चार प्रश्नांची उत्तरंच नाहीत, असं ट्रायने म्हटलं. सल्लामसलतीची जनमत चाचणी करून टाकल्याबद्दल फेसबुकला कडक पत्रही लिहिलं. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभाव करणाऱ्या डेटा दरांवर बंदी घालणारे विनियम आले आणि काही दिवसांतच फेसबुकने भारतातलं फ्री बेसिक्स बंद केलं.

आता स्वतःला एक अवघड प्रश्न विचारा. एप्रिलमधले ईमेल हाही नमुना मजकूर होता आणि डिसेंबरमधलाही नमुनाच. मग पहिल्याला आपण ‘जनतेचा आवाज’ का म्हणतो आणि दुसऱ्याला ‘घडवलेला पाठिंबा’ का? पहिली बाजू आपल्याला पटते म्हणून? हे उत्तर तोंडी परीक्षेत टिकणार नाही. फरक असलाच तर तो दाखवावा लागेल. पहिला मजकूर विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देत होता. तो बदलता येत होता. आणि ज्या कंपनीची योजना पणाला लागली होती, तिनेच दुसरी मोहीम स्वतःच्या मंचावरून चालवली होती. हे तीन मुद्दे वेगवेगळे आहेत, प्रत्येकाचा पुरावाही वेगळा लागतो.

हा पेच इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. १८७० मध्ये पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हाही हाच प्रश्न होता: सरकारपुढे बोलणारी ही माणसं नेमकी कोणाच्या वतीने बोलतात? सभेने त्यावर मुख्त्यारनाम्याचा तोडगा काढला. किमान ५० प्रौढांच्या सह्यांचं मुख्त्यारपत्र आणेल तोच सभासद. सुरुवातीला ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांच्या वतीने आले. या आकड्याला वजन होतं ते सही गोळा करायला दारोदार जावं लागायचं म्हणून. ईमेलने ते कष्ट संपवले आणि आकड्याचं वजनही घटवलं. आकडा वाढला म्हणजे सहभाग वाढला, असं समीकरण त्यामुळेच आता मांडता येत नाही.

मग वजन कुठे गेलं? माझं म्हणणं असं की ते उत्तर मागण्याच्या हक्कात गेलं. २०१६ च्या विनियमांसोबतचं स्पष्टीकरण वाचा. तिथे बहुमत किती होतं यावर निर्णय टेकलेला नाही. मोबाइल कंपन्यांचे युक्तिवाद मांडून खोडले आहेत, परवान्यातल्या अटींचा आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला आहे. ट्रायच्या १९९७ च्या कायद्यातच कारभार पारदर्शक ठेवण्याचं बंधन आहे. मे २०१६ मध्ये कॉल ड्रॉपची भरपाई देण्याचे विनियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, तेव्हा या पारदर्शकतेचाही मुद्दा होता. नियम करण्याआधी लोकांचं म्हणणं मागवणं आणि त्याची दखल घेणं बंधनकारक करणारा कायदा संसदेने करावा, असंही न्यायालयाने सुचवलं. सहभागाची खरी कसोटी इथे आहे: हरकत कोणी वाचली, आणि ती का मानली किंवा का फेटाळली हे लिहून ठेवलं का?

तुम्हाला या धर्तीवर काम करायचं असेल तर कागद तीन थरांत वाचा. पहिला थर प्रश्नांचा: कोणते प्रश्न विचारले, कोणत्या भाषेत, किती दिवस दिले. ११८ पानी इंग्रजी कागद निम्म्या देशाला सुरुवातीलाच बाहेर ठेवतो, हा तुमच्या अभ्यासाचा भाग आहे. दुसरा थर उत्तरांचा, आणि तिसरा अंतिम निर्णयातल्या कारणांचा. दुसऱ्यातलं तिसऱ्यात काय पोचलं ते शोधा. हीच पद्धत तुमच्या शहराच्या विकास आराखड्यावरच्या हरकतींनाही लावता येईल.

आणखी एक सांगायचं राहिलं. एप्रिल २०१५ च्या शेवटी ट्रायने सगळ्या ईमेल पाठवणाऱ्यांची नावं आणि ईमेल पत्ते आपल्या संकेतस्थळावर उघडे टाकले. संशोधकाला तो खजिना वाटेल. पण त्या लोकांनी मत कळवलं होतं, पत्ता जगाला वाटायला दिला नव्हता. एखादी गोष्ट सार्वजनिक झाली म्हणून ती वापरायला तुम्ही मोकळे, असं होत नाही. मजकूर अभ्यासा, नावं-पत्ते तुमच्या तक्त्यात उतरवूच नका. नागरिकाने बोलायची किंमत आपल्या संशोधनामुळे वाढली, तर ज्या सहभागाचा अभ्यास करायला निघालो त्यालाच आपण धक्का लावला असं होईल.