खोलेश्वराची मंदिरे, अंबाजोगाई

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई (जुने नाव आंबे) येथील यादवकालीन मंदिरे. देवगिरीचा यादव राजा दुसरा सिंघण (कारकीर्द सु. 1210–1247) याचा सेनापती खोलेश्वर व त्याचे कुटुंब यांच्याशी ती निगडित आहेत. त्यांची माहिती मुख्यतः शके 1150 (इ.स. 1228) आणि शके 1162 (इ.स. 1240) च्या संस्कृत शिलालेखांतून मिळते. हे लेख ग. ह. खरे यांनी वाचून प्रसिद्ध केले.

खोलेश्वर जातीने ब्राह्मण, पेशाने लढवय्या. त्याच्या स्वाऱ्यांचे वर्णन देवाच्याच दारी कोरले गेले. मध्ययुगात मंदिर बांधणे म्हणजे त्या मुलखावर आपला अंमल बसल्याची ग्वाहीच असे. राजशासनाची शिळा देवळात लावली की तिला देवाची साक्ष मिळे. 

मात्र अंबाजोगाईचा सर्वांत हृद्य लेख विजयाचा नाही. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ मंदिर बांधले आणि देवाला नाव दिले रामनारायण. रणात पडलेल्या भावाचे नाव विष्णूच्या नावाशी असे जोडले गेले, की देवाला हाक मारली म्हणजे ती भावालाही पोहोचावी. तेराव्या शतकातल्या एका मराठवाडी बाईचे दुःख आणि अधिकार दोन्ही या एका नावात आहेत, आणि ते अधिक ठाऊक व्हायला हवे.

गावातले सकलेश्वर मंदिर त्याच्या उरलेल्या खांबांवरून ‘बाराखांबी’ म्हणून ओळखले जाते. काळ्या पाषाणाचे खांब आणि वरच्या तुळया चुन्याशिवाय, एकमेकांच्या वजनावर तोललेल्या आहेत. अशा बांधणीला सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतात. पण हे नाव ज्याच्यावरून पडले तो हेमाद्री पंडित महादेव व रामचंद्र यादवांच्या काळातला, म्हणजे खोलेश्वरानंतरचा. तेव्हा हे नाव येथे लावणे कालदृष्ट्या चूक ठरते.

याच जिल्ह्यात, बीड शहरातील कंकालेश्वर मंदिरही काळ्या पाषाणाचे असून ते कुंडाच्या मधोमध उभे आहे. पाण्यामुळे देऊळ गावाच्या धबडग्यापासून वेगळे राहते, आणि काळ्या भिंतींवरच्या देवतांच्या व माणसांच्या मूर्ती पाण्यात पुन्हा दिसतात. महाशिवरात्रीला येथे यात्रा भरते.