पकड टायरमध्ये नाही, तेलात होती!

माझी रिमोटवाली बगी मैदानात प्रत्येक वळणावर गिरकी घ्यायची. पॉकेटमनी साठवून दोनदा टायर बदलले, फरक शून्य. मग या गाड्यांचा इतिहास वाचला आणि चूक कळली.

१९७९ साली जपानच्या तामियाने वाळू-मातीत पळणारी रफ रायडर आणली. पण मातीत खड्डे असतात. नुसत्या स्प्रिंगवर चाक उसळत राहतं. आणि हवेतल्या चाकाला, टायर कितीही भारी असो, पकड कुठून येणार?

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या टीम असोसिएटेडने आरसी-१० काढली. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि तेल भरलेले शॉक. शॉकच्या आत बारीक भोकांचा पिस्टन असतो. भोकांतून तेल हळू सरकतं, उसळी जिरते, चाक जमिनीला टेकून राहतं. १९८५ च्या पहिल्या जागतिक ऑफ-रोड स्पर्धेत टू-व्हील ड्राइव्ह गटाचं विजेतेपद याच गाडीने मिळवलं.

मीही माझे शॉक उघडले. मागचा एक कोरडाठाक! तेल भरलं, बगी सरळ वळायला लागली. तर मंडळी, टायर घेण्याआधी गाडी वरून दाबून सोडा. उड्या मारत राहिली, तर आधी तेल बघा.