लोहचुंबकाचा लगाम

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांना ठाऊक असेल, की ती भव्य वास्तू मुळात रेल्वेची कचेरी होती. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीचा कारभार तेथून चाले. नावातील 'मराठा' हा शब्द इंग्रजांच्या दप्तरातील प्रदेशवाचक संज्ञेवरून आला; त्यावरून आपण छाती फुगविण्याचे कारण नाही. १८८८ साली हा लोहमार्ग कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदराशी जोडला गेला. कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा घाट तीव्र चढणीचा आहे. सदतीस फुटांस एक फूट उतार. तेथे गाडी चढविण्याची जितकी चिंता, तितकीच उतरताना तिला आवरण्याची.

तरीही त्या गाडीला एक मोठा आधार असतो. रूळ तिला पेलतो आणि दिशाही देतो. माणसाने सांभाळायचा तो मुख्यत्वे वेग. हा रुळाचा आधारच काढून घेतला तर काय होईल? चुंबकीय शक्तीवर अधांतरी धावणाऱ्या 'मॅग्लेव्ह' गाडीच्या इतिहासाचे मर्म या प्रश्नात आहे. आपल्याकडील वर्तमानपत्रे या गाडीचे वर्णन करताना वेगाचे आकडे तेवढे देतात. माझ्या मते खरी कथा लगामाची आहे.

सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने १८४२ साली एक सिद्धान्त मांडला. त्याचे चुंबकांपुरते तात्पर्य असे, की केवळ कायम चुंबकांच्या आकर्षण-अपकर्षणावर वस्तू अधांतरी स्थिर राहू शकत नाही. विद्युत्चुंबक लोखंडी मार्गाकडे ओढला जात असताना मधली फट निम्मी झाली, तर तेवढ्याच प्रवाहाने ओढ सुमारे चौपट होते आणि चुंबक जाऊन चिकटतो. फट वाढली की ओढ घटते आणि गाडी खाली पडते. तळहातावर काठी उभी धरणाऱ्या मुलासारखी ही अवस्था असते. काठी कलली की हात हलवावाच लागतो, आणि तोही वेळेवर.

हर्मान केम्पर या जर्मन अभियंत्याला अशा गाडीचे एकस्व १९३४ साली मिळाले. परंतु ती प्रवाशांसाठी धावण्यास पुढे अनेक दशके लागली. चुंबक होता, हात हलविणारी यंत्रणा नव्हती. फट सतत मोजायची, ती किती आहे एवढेच नव्हे तर कोणत्या गतीने बदलते आहे हेही पाहायचे, आणि त्यानुसार वेटोळ्यातील प्रवाह कमीजास्त करायचा, हे काम सेकंदाला शेकडो वेळा करावे लागते. शिवाय वेटोळ्यातील प्रवाह आज्ञा होताच बदलत नाही, त्यास क्षणभर विलंब लागतो. म्हणून नियंत्रकाला चूक पुरती घडण्यापूर्वीच तिचा अंदाज घ्यावा लागतो. शक्तिशाली अर्धवाहक साधने व संगणक आल्यावर हे साध्य झाले. बर्मिंगहॅम विमानतळावर १९८४ ते १९९५ पर्यंत अशी छोटी गाडी केवळ पंधरा मिलिमीटर अंतरावर तरंगत धावली. शांघायची गाडी सुमारे दहा मिलिमीटरवर तरंगते. जपानने अतिवाहक चुंबकांचा निराळा मार्ग धरला. तेथे गाडीच्या गतीनेच मार्गातील वेटोळ्यांत प्रवाह उत्पन्न होतो आणि तो तिला सावरतो. म्हणून अंतर सुमारे दहा सेंटिमीटर ठेवता येते, पण मंद गतीत चाके लागतातच. २१ एप्रिल २०१५ रोजी या गाडीने ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला.

मात्र फट सांभाळणारी यंत्रणा म्हणजे संपूर्ण नियंत्रण नव्हे. २२ सप्टेंबर २००६ रोजी जर्मनीतील एम्सलँड येथे चाचणी मार्गावर देखभालीचे वाहन उभे असतानाच गाडीला निघण्याची परवानगी मिळाली. तेवीस जण मृत्युमुखी पडले. चुंबक अखेरपर्यंत आपले काम करीत होते. चूक परवानगी देणाऱ्या माणसांच्या व्यवस्थेत होती. मार्ग मोकळा असल्याची खात्री झाल्याविना गाडी सोडायची नाही, हा नियम तर आपल्या साध्या स्टेशनमास्तरलाही पाठ असतो.

हे सारे आपल्या दारापर्यंत आले ते फेब्रुवारी २०१८ मध्ये. मुंबईतील 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' परिषदेत मुंबई-पुणे हायपरलूपचा करार झाला. निर्वात नळीतून चुंबकावर तरंगणारा डबा सुमारे पंचवीस मिनिटांत पोहोचेल, असे सांगण्यात आले. ८ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेतील नेवाडात पाचशे मीटरच्या नळीत माणसे बसवून चाचण्या झाल्या. वेग ताशी १७२ किलोमीटरपर्यंत गेला आणि बसणाऱ्यांत मूळचे पुण्याचे अभियंते तनय मांजरेकर होते. त्यांचे क्षेत्र शक्ती-इलेक्ट्रॉनिकीचे, म्हणजे नेमके लगामाचे. याचे कौतुक वाटलेच पाहिजे. तथापि सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाला अशा प्रस्तावात वेळेचे कोष्टक सर्वांत आधी दिसले की शंका येते. डबा मध्येच थांबला तर हवा कोठून येणार, मागचा डबा कोण अडविणार, हे प्रश्न आधी हवेत. पाचशे मीटरच्या चाचणीतून त्यांची उत्तरे मिळत नाहीत. ती कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद पडली.

कॅसलरॉकला मात्र घाट उतरण्यापूर्वी गाडी थांबवून ब्रेक तपासले जातात.