सहा आठवडे की बावन्न? टेनिस एल्बोच्या सुईची गोष्ट

टेनिस एल्बो म्हटलं की आपल्याला २००४ सालचा सचिन आठवतो. पण हे दुखणं खेळाडूंपेक्षा स्क्रू पिळणाऱ्या, पिळे घालून कपडे वाळत टाकणाऱ्या हातांनाच जास्त होतं. १८७३ मध्ये रुंगे या जर्मन डॉक्टरने त्याचं वर्णन केलं ते लिहिणाऱ्यांच्या हाताबद्दल बोलताना. टेनिसचं नाव त्याला १८८०च्या दशकात चिकटलं.

नंतर आलेलं शास्त्रीय नाव मात्र महागात पडलं. एपिकॉन्डिलायटिस. 'आयटिस' म्हणजे दाह. दाह असेल तर स्टेरॉइड द्या, हा हिशोब सरळ होता. १९५०च्या दशकापासून कोपरात स्टेरॉइडची सुई टोचणं रुळलं, आणि पेशंटला आराम पडायचा, त्यामुळे शंका कोण घेणार? १९७९ मध्ये नर्शल आणि पेट्रोन यांनी ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दाहाच्या पेशी जवळपास नव्हत्याच. होती ती झिजलेली, विस्कटलेली कंडरा. सुई तरीही चालूच राहिली.

आता २००२ ची डच चाचणी बघा. १८५ पेशंट, तीन गट: स्टेरॉइड, फिजिओथेरपी, आणि 'थांबा नि पाहा'. सहा आठवड्यांनी यशाचं प्रमाण अनुक्रमे ९२, ४७ आणि ३२ टक्के. इथे थांबलात तर पेपर संपला, सुई जिंकली! पण त्यांनी बावन्न आठवडे वाट पाहिली. तेव्हाचे आकडे ६९, ९१ आणि ८३. म्हणजे काहीच न केलेले लोकही सुईवाल्यांच्या पुढे गेले. (ज्या सुताराला सोमवारी कामावर जायचंय त्याला पहिले सहा आठवडेच महत्त्वाचे वाटणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.)

मग प्रश्न आला, सुई आणि फिजिओ दोन्ही दिलं तर? २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात १६५ जणांवर हे तपासलं. वर्षभरात दुखणं उलटण्याचं प्रमाण स्टेरॉइड घेतलेल्यांत ५४ टक्के, प्लासिबो सुई घेतलेल्यांत १२. फिजिओची जोड देऊनही स्टेरॉइडचं हे नुकसान भरून निघालं नाही.

तोवर नवी सुई आली होती, पीआरपी: पेशंटच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स घट्ट करून कोपरात सोडायच्या. २००६ चा तो गाजलेला पेपर नक्की काढून वाचा. एकूण वीस पेशंट, त्यात तुलनेच्या गटात फक्त पाच, आणि आठ आठवड्यांनंतर त्या पाचांतले तिघे चाचणीतून बाहेर. वेदना ९३ टक्के कमी झाल्याचा आकडा त्यापुढच्या काळातला आहे. तो ताडून पाहायला समोर कोणी उरलंच नव्हतं. तरी पीआरपीची लाट आलीच. २०२१ मध्ये कोक्रेनने ३२ चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा तीन महिन्यांनी प्लासिबो सुई आणि रक्ताची सुई यांत पेशंटला जाणवेल एवढा फरक निघाला नाही.