मुष्टियोद्धा फ्लॉइड पॅटर्सन

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत भुयारी आगगाडीचें हाय स्ट्रीट नांवाचें एक स्थानक आहे. तेथील बोगद्यांत पूर्वीं कामगारांचीं अवजारें ठेवण्याची एक अंधारी खोली असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत एक कृष्णवर्णीय मुलगा शाळा चुकवून त्या खोलींत शिरे, दार आंतून लावून घेई, जमिनीवर वर्तमानपत्रें पसरी आणि निजून राही. कोणी मारील म्हणून तो लपत नसे. कोणी पाहील म्हणून लपत असे. त्याचें नांव फ्लॉइड पॅटर्सन.

फ्लॉइडचा जन्म 4 जानेवारी 1935 रोजीं नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत झाला. पोटासाठीं आईबाप न्यूयॉर्कला आले. अकरा भावंडें, बाप अंगमेहनतीचीं कामें करून थकून येई. मुलाला वाचतां येईना. वर्गांत उत्तर ठाऊक असलें तरी मुलें हंसतील म्हणून तो तोंड उघडीत नसे. घरांतील एका छायाचित्रांत त्यानें स्वतःच्याच चेहऱ्यावर फुल्या ओढून ठेवल्या होत्या. पुढें लहानसहान चोऱ्या सुरू झाल्या, आणि दहाव्या वर्षीं त्याची रवानगी ईसोपस येथील विल्टविक शाळेंत झाली.

सुधारशाळा म्हटली म्हणजे उंच भिंती व छड्या डोळ्यांपुढें येतात. विल्टविकला कुंपणसुद्धां नव्हतें. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर या संस्थेच्या आधारस्तंभांपैकीं एक होत्या. मिस कॉस्टेन या शिक्षिकेनें मोठ्या चिकाटीनें फ्लॉइडला बोलतें केलें. तो वाचूं लागला. हातमोजेही त्याच्या हातीं प्रथम तेथेंच आले. मुष्टियुद्धाच्या इतिहासांत गुरूंचीं व व्यवस्थापकांचीं नांवें मोठ्या आदरानें येतात. या बाईंना त्याच पंक्तींत बसवावयास हवें.

चौदाव्या वर्षीं तो मॅनहॅटनमधील ग्रॅमर्सी व्यायामशाळेंत कस डामाटो या गुरूकडे गेला. दोन्ही मुठी गालांशीं धरून त्यांच्या आडून पाहावयाचें आणि संधि मिळतांच उसळून मारावयाचें, ही डामाटोची पद्धति. आयुष्यभर लपलेल्या मुलास ती साधली यांत नवल कसलें! भीति ही अग्नीसारखी असते, ती ताब्यांत ठेवली तर कामास येते, असें हा गुरु शिष्यांस सांगे.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं ज्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें कुस्तीचें कांस्यपदक मिळविलें, त्याच 1952 च्या सामन्यांत सतरा वर्षांच्या फ्लॉइडनें मध्यम वजनाचें सुवर्णपदक जिंकलें. 30 नोव्हेंबर 1956 रोजीं शिकागो येथें आर्ची मूरला पांचव्या फेरींत लोळवून तो भारी वजनाचा जगज्जेता झाला. त्या वेळीं त्याचें वय 21 होतें. इतक्या लहानपणीं हें पद तोंपर्यंत कोणासही मिळालें नव्हतें. हा विक्रम 1986 मध्यें मोडला, तोही डामाटोचाच दुसरा शिष्य माईक टायसन यानें.

स्वीडनच्या इंगेमार योहानसननें 26 जून 1959 रोजीं फ्लॉइडला एकाच फेरींत सात वेळां खालीं पाडलें. त्यानंतर कित्येक दिवस त्यानें स्वतःस घरांत कोंडून घेतलें. मात्र 20 जून 1960 रोजीं त्यानें योहानसनला पाडून पद परत मिळविलें. भारी वजनांत असें करणारा तो पहिलाच. प्रतिस्पर्धी निश्चेष्ट पडलेला पाहतांच विजयाचा आनंद बाजूस ठेवून तो त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला. पुढें दोघे जिवलग मित्र झाले.

25 सप्टेंबर 1962 रोजीं सॉनी लिस्टननें त्याला पहिल्याच फेरींत हरविलें. पराभवाची शंका धरून फ्लॉइडनें खोटी दाढी आधींच तयार ठेविली होती! ती लावून तो रातोरात मोटारीनें शिकागोहून निघाला. मग माद्रिदला गेला, आणि ओळख पटूं नये म्हणून तेथें लंगडत चालला. लोकांनीं पुष्कळ थट्टा केली. हाय स्ट्रीटची खोली ज्यांना ठाऊक होती, त्यांना हंसूं आलें नसेल.

1972 नंतर तो पुन्हां रिंगणांत उतरला नाहीं. ईसोपसपासून फार लांब नसलेल्या न्यू पाल्ट्झ गांवीं तो राहिला व 11 मे 2006 रोजीं तेथेंच वारला. या गांवीं त्यानें एका कोठारांत मुलांसाठीं व्यायामशाळा काढली होती. तेथें अकरा वर्षांचा ट्रेसी हॅरिस येऊं लागला. फ्लॉइडनें त्याला दत्तक घेतलें, शिकविलें, आणि 1992 मध्यें तो आपल्या वजनांतला जगज्जेता झाला.