ॲम्प-मॉडेलिंग : हेवी मेटल गिटार

ॲम्प-मॉडेलिंग म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प, त्याच्या पेटीतला स्पीकर आणि त्या स्पीकरपुढे धरलेला माइक या तिघांचे वागणे गणिताने उभे करून गिटारचा आवाज संगणकातून किंवा हातभर यंत्रातून काढण्याची पद्धत. हेवी मेटल वाजवणाऱ्यांत ती फार लवकर रुजली आणि तिच्यावर कडवट टीकाही तिथेच झाली. खरा आवाज काचेच्या ट्यूबवर चालणाऱ्या अवजड ॲम्पचा, मॉडेल ही त्याची नक्कल, असा त्या टीकेचा सूर असतो. हा वाद चुकीच्या जागी उभा आहे, असे प्रस्तुत नोंदीचे म्हणणे आहे. मेटल वाजवणारा ज्या आदर्श आवाजाच्या मागे असतो तो कुठल्याही एका ॲम्पचा नव्हताच. तो ध्वनिमुद्रिकेचा होता. मुद्रिका हेच मूळ मानले, तर मॉडेलिंगकडे बघण्याची दृष्टी बदलते.

पुरावा मुद्रिकांतच सापडतो. मेटालिकाची ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत तयार झाली. मेसा बूगी कंपनीचा मार्क टू-सी-प्लस हा ॲम्प तिथे मार्शलच्या जोडीने वापरला होता, हे चाहत्यांना तोंडपाठ असते. पण कानावर आदळणारी ती भिंत एका ॲम्पने उभारलेली नाही. बँडचे गिटारवादक जेम्स हेटफिल्ड यांनी तीच साथ पुन्हापुन्हा वाजवून थर रचले, ते थर डाव्या-उजव्या बाजूंना वाटले गेले आणि खालची पोकळी बास गिटारने भरली. दोनच वर्षांनी आलेल्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बास जवळपास ऐकूच येत नाही, आणि हेटफिल्ड यांचीच गिटार तिथे कोरडी, पोकळ वाटते. ट्यूबच्या उबेचे गोडवे गाणाऱ्यांनी पँटेराकडेही पाहावे: ‘व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर’ (१९९२) या मुद्रिकेवरचा त्यांचा गिटारवादक डाइमबॅग डॅरेल याचा करवतीसारखा आवाज रँडल कंपनीच्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधून आलेला आहे. स्वीडनमध्ये तर १९८३ साली निघालेले बॉस कंपनीचे एचएम-टू हे स्वस्त पेडल सगळ्या चाव्या शेवटपर्यंत पिळून वाजवले गेले. एन्टूम्ड या बँडच्या ‘लेफ्ट हँड पाथ’पासून (१९९०) एका अख्ख्या शैलीची ओळख त्या पेडलने ठरली. ट्यूब, ट्रान्झिस्टर आणि दुकानातले साधे पेडल, तिन्ही वाटांनी आदर्श तयार झाले. त्यांच्यात समान आहे ते एवढेच, की ते स्टुडिओत घडले.

तंत्राचे दोन भाग पडतात, एक पेटी-माइकचा आणि दुसरा ॲम्पचा, आणि त्यांची अडचण सारखी नाही. पहिला भाग समजायला घंटेचे उदाहरण घेऊ. भोर तालुक्यातल्या नसरापूरच्या बनेश्वर मंदिरात १६८३ हे साल असलेली एक घंटा आहे. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक, असे सांगतात. तिला एक टोला दिला की तिच्या अंगचे सगळे सूर एकदम बाहेर पडतात. टोला जोराचा दिला तर तेच सूर जवळपास त्याच प्रमाणात मोठे होतात. स्पीकरची पेटी आणि माइक यांचे वागणे बरेचसे असेच असल्याने एका ‘टोल्या’त त्यांची ओळख पटते. प्रत्यक्षात टोल्याऐवजी खर्जातून वर सरकत जाणारा सूर सोडतात. इटलीच्या अँजेलो फारिना यांनी ही मापनपद्धत २००० साली मांडली. त्यातून जी फाइल निघते तिला वादक ‘आयआर’ म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराने २,०४८ नमुने, म्हणजे साधारण ४३ मिलिसेकंदांची फाइल, एका पेटीला पुरते. ती वगळून नुसता ॲम्पचा संकेत ऐकला तर डबीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा किर्र आवाज येतो, कारण गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचा बराचसा भाग गाळून टाकतो.

ॲम्प मात्र घंटेसारखा वागत नाही. तारेवर दुप्पट जोराने आघात केला तर त्याचा आवाज दुप्पट होत नाही. लहरीचे माथे छाटले जातात आणि मूळ संकेतात नसलेले स्वर जन्माला येतात. मेटलचा सगळा जीव या छाटणीत आहे, आणि ती गणितात पकडणे कठीण. छाटणीतून निघालेले अतिउंच स्वर डिजिटल नमुन्यांच्या मर्यादेबाहेर गेले की ते उलटे फिरून खाली येतात आणि बेसूर खरखर करतात. ती टाळायला यंत्र आतल्या आत चौपट-आठपट वेगाने हिशेब करते. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचे लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचे पॉड आले तेव्हा यंत्रांची ताकद तोकडी होती आणि त्याची चेष्टाही झाली. २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचे ॲक्स-एफएक्स आले. पुढे मेशुगासारखा स्वीडिश बँड तेच घेऊन मंचावर उभा राहिला. २०११ साली दाखवलेल्या केम्पर या यंत्राने वेगळी वाट धरली: सर्किट समजून घेण्याऐवजी ॲम्पला ठरावीक संकेत पाठवायचे आणि त्याचे उत्तर टिपायचे. आताच्या न्यूरल पद्धती त्याच वाटेवर आहेत. ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ हे तर फुकट आणि खुल्या संहितेचे आहे. लक्षात घ्यावे ते असे की टिपणाऱ्या यंत्रापुढे पुष्कळदा माइक लावलेली पेटीही असते. टिपला जातो तो खोलीतला ॲम्प नव्हे, स्टुडिओतला.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यापुढे ही गोष्ट जास्त उघडी पडते. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ १९८६ची. मेटालिका भारतात पहिल्यांदा वाजली ती ३० ऑक्टोबर २०११ रोजी, बंगळुरूला. मधली पंचवीस वर्षे इथल्या कानाने तो आवाज ओळखला तो कॅसेट, सीडी आणि एमपीथ्रीवरून. ज्याची ओढ लागली तो आवाज मुळातच माइकमधून, मिश्रणातून आणि फितीवरून आलेला होता. मुंबईत इंडिपेंडन्स रॉकचे मेळे ज्या धोबी तलावच्या रंगभवनात भरत, ते शांतता क्षेत्राच्या नियमांत सापडून अशा कार्यक्रमांना बंद झाले. घरी ॲम्प उघडावा तर भिंतीपलीकडे शेजारी. ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ हा मेटल बँड साहिल मखिजा यांनी २००० साली उभा केला तो अशाच दाटीच्या शहरात.

जागा हवी तर खेड्यात जा, असा सल्ला सहज दिला जातो. त्याचा हिशेब करून पाहू. मेटलच्या पेट्यांत सर्रास आढळणारा सेलेस्टियनचा व्हिंटेज थर्टी स्पीकर एका वॉटला एक मीटरवर १०० डेसिबल देतो. शंभर वॉटचा ॲम्प पूर्ण उघडला की वीस डेसिबलची भर पडून १२० होतात. उघड्यावर अंतर दहापट झाले की वीस डेसिबल घटतात, म्हणजे किलोमीटरवर ६० उरतात. वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याशी कोणी असा ॲम्प लावला तर, झाडी-डोंगरांचा अडसर सोडून दिल्यास, गुंजवणीच्या खोऱ्यात किलोमीटरभर दूरच्या घरातही कागदावर ६० डेसिबल पोहोचतील. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. शिवाय ट्यूब उडाली तर ती मिळणार पुण्या-मुंबईत किंवा टपालाने. भोर-वेल्ह्याच्या एखाद्या घरात हेडफोन लावून रात्री अकराला रिफ बसवणे शक्य झाले ते मॉडेलिंगमुळे, आणि त्या हेडफोनात ऐकू येतो तो आवाज मुद्रिकेच्याच जातीचा असतो.

पहिला आक्षेप बोटांचा आहे: मॉडेल ‘उशिरा’ उत्तर देते, तारेला दाद देत नाही. सुरुवातीच्या यंत्रांबाबत तो खरा होता. आज चांगल्या मांडणीत विलंब दहा मिलिसेकंदांच्या आत राहतो, आणि तेवढ्या वेळात ध्वनी साडेतीन मीटर जातो. मंचावर ॲम्पपासून चार पावले लांब उभा राहणारा वादक तेवढाच विलंब मुकाट सोसतो. ट्यूब ॲम्पची मऊ, दबणारी दाद ब्लूजला शोभते. मेटलवाले तर ती काढून टाकायला धडपडतात. आयबॅनेझचे ट्यूब स्क्रीमर पेडल गेन (छाटणीची मात्रा) शून्यावर ठेवून ॲम्पच्या आधी लावतात ते खर्ज कापून आवाज आवळण्यासाठी. आक्षेपाचा एक भाग मात्र उरतो. पेटीसमोर उभे राहिल्यावर पोटात जाणवणारा हवेचा धक्का मॉडेल देत नाही. पण तो मुद्रिकाही देत नाही.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. आपल्याकडे हा वाद नवा नाही: बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला तेव्हापासून तो चालू आहे, आणि तरी रियाजाच्या खोल्यांत ती पेटी घरची झाली. मॉडेलची बाजू तानपुऱ्याच्या पेटीहून भक्कम आहे. तानपुऱ्याची जवारी समोर बसून, हाताने जुळवून ऐकायची गोष्ट आहे आणि पेटी तिच्या जागी येऊन बसते. मेटलच्या आदर्श आवाजाला असे समोर बसून ऐकायचे मूळ नाही. दिल्लीच्या केशव धर यांनी घरच्या स्टुडिओत सुरू केलेल्या ‘स्कायहार्बर’च्या पहिल्या अल्बममध्ये (२०१२) गायक डॅनियल टॉम्पकिन्स ब्रिटनचे आणि ड्रमवादक अनुप शास्त्री अमेरिकेतले. त्या संगीताची ‘खरी खोली’ शोधायला जावे तरी कुठे?

सर्वांत वजनदार आक्षेप एकसारखेपणाचा आहे, आणि तो पूर्ण खोडता येत नाही. टिपलेली फाइल म्हणजे चाव्यांच्या एका स्थितीचे छायाचित्र. हजारो जण तीच उतरवून घेतात. नव्वदच्या दशकातही पीव्हीचा ५१५० ॲम्प, व्हिंटेज थर्टी स्पीकर आणि शुअरचा एसएम-५७ माइक ही त्रयी असंख्य स्टुडिओंत होती, हे खरे. पण तेव्हा माइक बोटभर सरकवला तरी आवाज बदले, आणि ते सरकवणे कोणाला तरी करावेच लागे. आता ते टाळता येते. टाळणाऱ्याची फसगत बँडमध्ये होते. एकट्याने ऐकताना भव्य वाटणारा प्रीसेट (आयती जुळवणी), मधले स्वर कापलेला, गेन आणि खर्ज ओतप्रोत असलेला, ड्रम आणि बास सुरू होताच बुडतो. मुद्रिकेवरची गिटार गाण्यातून वेगळी काढून ऐकली तर अपेक्षेहून किरकोळ, मध्यात भरलेली आणि कमी गेनची निघते. खाली साधारण ८० हर्ट्झपासून आणि वर आठ-दहा हजारांपासून ती कापलेली असते, आणि दोन्ही कानांत वेगवेगळ्या वेळी वाजवलेली असते. एकच तुकडा दोनदा चिकटवून ती रुंदी येत नाही. दुसऱ्यांदा वाजवावेच लागते.